पाचट कुजतं, मग उरतं काय?

ऊस तुटला की फडात पाचट उरतं. पूर्वी शेतकरी काडी लावून मोकळे होत. आता पश्चिम महाराष्ट्रात ते सरीत ठेवून खोडवा घेणारे गावोगाव भेटतात. पाचट कुजलं की त्याचाच सेंद्रिय कर्ब होतो, असं बहुतेक जण धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे.

वाळलेल्या वनस्पतीत कर्ब साधारण 40 ते 45 टक्के आणि ऑक्सिजनही जवळपास तितकाच. बहुतेक भाग सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचा. पाचटात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे किलोभर नत्रामागे सुमारे 80 किलो कर्ब. शेतजमिनीतल्या सेंद्रिय पदार्थात मात्र हे प्रमाण 10 ते 12 वर येतं. ऑक्सिजन घटतो, कर्बाचा वाटा 50 टक्क्यांच्या पुढे सरकतो, स्फुरद आणि गंधक वाढतात. पालाशाची गोष्ट निराळी. पाचटात तो टक्काभर असतो, पण पानाच्या सांगाड्यात बांधलेला नसल्यानं पाण्याबरोबर सुटून जातो.

हा बदल करतं कोण? जिवाणू आणि बुरशी. पण हे उत्तर मिळायला बराच काळ गेला. रसायनशास्त्रज्ञ आखार्ड यांनी 1786 मध्ये पीटमधून (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून) अल्कलीनं काळा अर्क काढला, तेव्हापासून अशा अर्कातल्या ह्युमिक आम्लांचा शोध सुरू झाला. वाक्समन (स्ट्रेप्टोमायसिनचे नोबेल मानकरी तेच) 1930 च्या दशकात म्हणत होते, की न कुजणारं लिग्निन प्रथिनांशी जुळून ह्युमस, म्हणजे मातीतला काळा सेंद्रिय पदार्थ, बनतं. आज हे मत मागे पडलंय. लिग्निनही तुटतं. मातीत दीर्घकाळ टिकणाऱ्या कर्बाचा मोठा हिस्सा मेलेल्या जिवाणू-बुरशींच्या अवशेषांचा असतो, आणि तो चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतो. मृदाशास्त्रज्ञ लेहमान आणि क्लेबर यांनी 2015 मध्ये तर ह्युमिक आम्लं अल्कलीच्या अर्कात दिसतात त्या रूपात मातीत मुळात असतात का, असाच प्रश्न उभा केला. बाटलीतलं 'ह्युमिक' विकत घेणाऱ्यांनी हे ऐकायला हरकत नाही.

आता फडातला हिशेब. टनभर पाचटात कर्ब सुमारे 400 किलो, नत्र 5 किलो. दोन तृतीयांश कर्ब वायू होऊन उडाला असं धरलं, तरी उरलेल्या 130 किलोंना मातीच्या प्रमाणात बसायला 11 ते 13 किलो नत्र हवं. पाचटात तेवढं नाही, म्हणून जिवाणू उरलेलं जमिनीतून ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे, ती याचसाठी. ताग किंवा धैंचा कोवळा असतानाच गाडला, तर नत्राची ही ओढाताण होत नाही.

जमिनीत कर्ब किती आहे हे ठरवताना काळ्या मातीचा रंग पाहून मात्र फसू नये. तिच्यात सेंद्रिय कर्ब अनेकदा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच निघतो. प्रयोगशाळेत तो डायक्रोमेट आणि गंधकाम्लानं मोजतात. वॉकली-ब्लॅक यांची ही पद्धत 1934 ची. त्या आकड्याला 1.724 नं गुणलं की सेंद्रिय पदार्थ मिळतो, कारण त्यात 58 टक्के कर्ब गृहीत धरलाय. हे गृहीतक एकोणिसाव्या शतकातलं. अनेक जमिनींना 2 नं गुणणं अधिक जुळतं. एका अहवालात कर्ब आणि दुसऱ्यात सेंद्रिय पदार्थ लिहिलेला असेल, तर जमीन न सुधारताच आकडा पावणेदोनपट दिसतो.