सही नसलेले पत्र

सकाळी ग्रामपंचायतीच्या दाराखाली एक पत्र सापडते. ‘बँकेतले साहेब कर्ज मंजूर करायला पैसे घेतात.’ खाली नाव नाही, गाव नाही. दिवस मावळेपर्यंत साहेबांची अब्रू चव्हाट्यावर! हल्ली असा मजकूर मोबाईलवरून घटकेत गावभर होतो. खरे की खोटे, विचारायचे कुणाला?

असे लिहिणारा नेहमी वाईटच असतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. एखाद्या एकट्या बाईचे कर्ज साहेबांच्या हातात अडकले असेल, तर सही करायला तिने धीर आणायचा कुठून?

नाव झाकून लिहिणे आपल्याकडे जुनेच आहे. १८४८ साली ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे येऊ लागली. लिहिणारे होते गोपाळ हरि देशमुख. ते इंग्रज सरकारचे नोकर. पत्रांत ते आपल्याच लोकांचे दोष सडेतोड दाखवीत. पण टोपणनाव वेगळे आणि निनावी वेगळे. टोपणनाव तेच राहते, म्हणून वाचणारा मागचे-पुढचे ताडून पाहतो. शिवाय छापणारा उघड असतो. मजकुराचा जाब त्याला द्यावा लागतो.

तो कसा, ते पाहा. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर आरोप छापले. आधार होता दुसऱ्यांनी आणून दिलेल्या पत्रांचा. ती पत्रे बनावट निघाली. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले.

मग त्या बाईने करावे काय? केंद्र सरकारच्या कचेऱ्या आणि सरकारी बँका यांच्यासाठी २००४ सालापासून एक सोय आहे. तक्रार बंद पाकिटात घालून दिल्लीला केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांकडे पाठवावी. ही जनहितासाठी केलेली तक्रार आहे, असे पाकिटावर लिहावे. आपले नाव मात्र बाहेर घालू नये. ते आतल्या पत्रात, पत्त्यासह, हवेच. आयोग ते गुप्त ठेवतो. नावच नसेल तर या सोयीखाली तक्रार घेत नाहीत. आणि मुद्दाम खोटी केली, तर करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते.

पूर्वी असे पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे. गुपित पहिल्यांदा तिथेच फुटायचे. आता ते तुम्हांला स्वतःच्या हाताने लिहिता येईल.