मुधोळी ऊर्फ कारवानी कुत्रा : नांव, कुळी व निगा

दक्षिणेंतील उंच, सडपातळ व अतिशय वेगवान अशा शिकारी कुत्र्यास आज दोन नांवें आहेत. मराठी मुलुखांत त्यास बहुधा कारवानी म्हणतात. घटप्रभेच्या कांठीं, हल्लींच्या बागलकोट जिल्ह्यांत, तोच मुधोळी होतो. केनेल क्लब ऑफ इंडियानें त्याची नोंद कॅरॅव्हन हाउंड म्हणून केली, तर टपाल खात्यानें २००५ सालीं काढलेल्या तिकिटावर मुधोळ हाउंड असें छापलें. नांवांच्या या द्वैतामुळें त्याच्या इतिहासांत बराच घोटाळा माजला आहे. जुन्या कागदांचा संग्रह करणारांनीं या विषयाकडे लक्ष पुरवावें, असें त्यांत पुष्कळ आहे.

प्रथम मुधोळ या नांवाचा विचार करूं. मुधोळ हें घोरपडे घराण्याचें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं आसपासच्या बेरड वगैरे शिकारी लोकांपाशीं असलेलीं चांगलीं जनावरें निवडून त्यांची निपज वाढविली. विलायतेंत पंचम जॉर्ज बादशहांस एक जोडी नजर केली, व तेव्हांपासून मुधोळचें नांव या कुत्र्यास चिकटलें, असें सांगतात. तात्पर्य, कुत्रा जुना असला तरी हें नांव शंभर-सव्वाशें वर्षांपलीकडचें नव्हे.

असें असतां, शिवछत्रपतींच्या सैन्यांत मुधोळी कुत्रे होते, असें आजकाल बेधडक लिहिलेलें आढळतें. असें लिहिणारांनीं निदान मुधोळकरांचा इतिहास तरी चाळावयास हवा होता. बाजी घोरपडे हा आदिलशाहीचा सरदार. १६४८ सालीं जिंजीच्या छावणींत शहाजीराजांस कैद करण्यांत त्याचा हात होता, आणि १६६४ सालीं महाराजांनीं मुधोळवर चालून जाऊन त्याचा वध केला. अशा वैराच्या ठिकाणाहून महाराजांच्या लष्करास कुत्रे पुरविले जात होते, असें म्हणणाऱ्यानें अस्सल कागद पुढें केला पाहिजे. तो पुढें येईपर्यंत या गोष्टीस दंतकथेहून अधिक किंमत देतां येत नाहीं.

सातारच्या शाहूमहाराजांच्या कुत्र्याची गोष्ट निराळी. वाघाच्या शिकारींत त्यानें धन्याचा जीव वांचविला, म्हणून महाराजांनीं त्यास जहागीर व पालखीचा मान दिला, हें ग्रँट डफनें १८२६ सालीं छापलेल्या आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे. संगम माहुलीस त्या कुत्र्याची समाधिही दाखवितात. पण तो कोणत्या जातीचा, हें त्यावरून ठरत नाहीं. कुत्रा शूर होता एवढ्यावरून तो मुधोळी ठरविणें हा न्याय कांहीं खरा नव्हे.

कारवान हें नांव अधिक बोलकें आहे. शब्द फारशी, अर्थ व्यापाऱ्यांचा तांडा. इराण-अरबस्तानांतील सलुकी अथवा ताजी नांवाच्या कुत्र्याशीं आमच्या कुत्र्याचें साम्य उघड आहे : तेंच लांब निमुळतें तोंड, तीच खोल छाती, तेंच आंत ओढलेलें पोट. फारशींत ताजी म्हणजे अरबी. अरबी घोडा तो ताजी, आणि पळता शिकारी कुत्राही ताजीच. बहमनी काळापासून दक्षिणेच्या बंदरांत अरबी घोड्यांची मोठी आयात होत असे, व त्या घोड्यांच्या मागून कुत्रेही आले असावेत, हा तर्क सयुक्तिक वाटतो. उत्तरेंत अकबर बादशहा काबूल व हजारा भागांतून उत्तम कुत्रे आणवीत असे, हें आईन-इ-अकबरींत स्पष्टच आहे. आखूड केंसांच्या कुत्र्यास कारवानी आणि कान-शेंपटीवर लांब केंस असलेल्यास पश्मी म्हणण्याची जी रीत आहे, तिचेंही मूळ फारशींतच : पश्म म्हणजे लोंकर.

तथापि एवढ्यावरून हा कुत्रा सर्वस्वी परकीय ठरविणें बरोबर नाहीं. कर्नाटकांत शिकारी कुत्र्यांची परंपरा बहमनींच्या कितीतरी आधींची आहे. आतकूर येथील शके ८७२ चा, म्हणजे इसवी सन ९४९-५० चा, कानडी शिलालेख पाहा. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा मांडलिक गंग बूतुग याजपाशीं काळी नांवाचा कुत्रा होता. युद्धांतील पराक्रमाबद्दल मणलेर नांवाच्या वीरानें दुसरें कांहीं न मागतां तोच मागून घेतला. पुढें एका प्रचंड डुकरावर त्यास सोडलें असतां दोघेही झुंजून मेले. मणलेरानें त्याच्या नांवें शिळा उभारली, जमीन दिली, आणि शिळेची पूजा न करतां जेवणाऱ्या पुजाऱ्यास त्या कुत्र्याचें पाप लागेल असें लिहून ठेविलें! शिळेवर कुत्रा व डुक्कर यांची झुंज कोरलेली असून ती शिळा बंगळूरच्या सरकारी संग्रहालयांत आहे. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्यानें मानसोल्लासांत सारमेयविनोद हें स्वतंत्र प्रकरणच घातलें. तेव्हां देशी शिकारी कुत्र्यांत ताजीचें रक्त मिसळून आजची जात बनली, असें आमचें अनुमान आहे.

आतां स्वभाव व निगा. नराची उंची खांद्यापाशीं सुमारें ७० सेंटिमीटर असते, पण वजन क्वचितच २८ किलोंवर जातें. हा कुत्रा नाकानें नव्हे, डोळ्यांनीं शिकार धरतो. भरधांव पळतांना प्रत्येक झेपेंत दोनदां त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात. हललेलें जनावर दिसलें कीं त्यास हांक ऐकूं येत नाहीं. म्हणून रस्त्यालगत त्यास दोरीवांचून सोडूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाल्यामुळें कुंपण घातलेलें मोकळें रान हाच आतां त्याचा आखाडा. घरांतील माणसांशीं तो फार निष्ठ, पण परक्याचा हात अंगाला लागलेला त्यास खपत नाहीं. मारून शिकविला तर शिकत नाहीं. भितो व बिघडतो.

अंगावर चरबी थोडी व कातडें पातळ, म्हणून थंडी-पावसांत आडोसा आणि कोपरांना घट्टे पडूं नयेत म्हणून मऊ अंथरूण हवें. इसवीच्या दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखक एरियन यानें तर असा कुत्रा माणसाशेजारींच निजवावा, असें लिहून ठेविलें आहे. गांवोगांव ज्वारीची भाकरी व दूध यांवर तो पोसला जातो. त्यास मांस अथवा अंड्यांची जोड द्यावी, आणि जेवणावर लगेच पळवूं नये, कारण खोल छातीच्या कुत्र्यांचें पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास जात कोणती हें पशुवैद्यास आधीं सांगावें : या वर्गाच्या कुत्र्यांच्या शरीरांतून बार्बिट्युरेट जातीचीं भुलीचीं औषधें फार सावकाश उतरतात, व त्यामुळें जनावर दगावूं शकतें.

मुधोळजवळ तिम्मापूर येथें बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें संशोधनकेंद्र आहे, आणि २०१६ सालापासून लष्करानेंही मीरतेस हे कुत्रे शिकविण्यास आरंभ केला. त्यामुळें मागणी वाढली, आणि मागणीबरोबर भेसळही. विलायती ग्रेहाउंडाशीं संकर करून पिल्लें अस्सल म्हणून विकणारे आहेत. लेखकाच्या हातून एकदां पोथींत क्षेपक शिरला कीं मूळ पाठ काढणें किती कठीण, हें वाचकांस सांगावयास नको.

यासाठीं जुन्या नोंदींची फार गरज आहे. सरदारांच्या शिकारखान्याचे जमाखर्च, कुत्र्यांच्या खुराकाच्या व राखणाराच्या पगाराच्या याद्या, नजराण्यांचे तपशील, हे कागद किरकोळ समजून रद्दींत जातात. ज्यांच्या संग्रहांत मुधोळ, कोल्हापूर, जत, सावनूर इकडील दफ्तरें असतील, त्यांनीं सग, ताजी, कुत्ता, पश्मी, कारवान हे शब्द लक्ष ठेवून पाहावे, व आढळल्यास पुढचा-मागचा मजकूर न गाळतां, तारखेसह, संपूर्ण कागदाची नक्कल करून मंडळाकडे पाठवावी.