स्वस्ताई, पण कुणाच्या जिवावर?

पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तुमच्या घरी काय बेत असतो? सिनेमा? नाटक? छे! बहुतेक घरांत आता एकच बेत. पिशव्या घ्यायच्या, मुलांना रिक्षात बसवायचं आणि मोठ्या दुकानात महिन्याचं सामान भरायला जायचं. ढकलगाडी काठोकाठ भरते, हातभर लांब बिल निघतं आणि त्याच्या तळाशी छापलेलं असतं, ‘तुम्ही इतके रुपये वाचवले’. ते वाचून बरं वाटतं, नाही म्हणू नका!

पण चार बायका जमल्या की यावरून वाद हा ठरलेलाच. एक म्हणते, “वाणी छापील किमतीत एक रुपया सोडत नाही. मी का जास्त मोजायचे?” दुसरी म्हणते, “अगं, त्यालाही पोट आहे. सगळ्याच तिकडे गेलो तर त्याने काय माशा मारायच्या?” खरं तर दोघींचंही बरोबर आहे. म्हणूनच हा हिशेब जरा नीट मांडू या.

मुळात ही स्वस्ताई येते कुठून? आपल्या ओळखीचं उदाहरण डी-मार्टचं घ्या. राधाकिशन दमाणी यांनी पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत काढलं. मार्च २०२५ अखेर त्यांची देशभरात ४१५ दुकानं झाली होती. यात जादू काही नाही. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, म्हणजे दरमहा भाड्याचा बोजा नाही. थाटमाट बेताचा. ज्याला भरपूर उठाव आहे तोच माल ठेवायचा. आणि माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे, म्हणजे तोही भाव कमी करून देतो. रोखीने घेतलं की चार पैसे सुटतात, हे आपल्याला का नवीन आहे?

म्हणजे स्वस्ताईचा एक भाग निव्वळ काटकसरीचा. त्यात गैर काहीच नाही. बेताच्या मिळकतीत महिन्याला तीनशे रुपये सुटले तर मुलांच्या वह्या येतात. अशा घरच्या गृहिणीला “तू वाण्याच्या पोटावर पाय देतेस” असं सुनावणं सोपं, तिच्या पगारात घर चालवणं कठीण.

दुसरा भाग मात्र जोराचा आहे. ट्रकभर माल उचलणाऱ्याला कंपनी जो भाव देते, तो दोन खोकी घेणाऱ्या वाण्याला मिळत नाही. २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या वितरकांनी हीच तक्रार मांडली होती. आम्हाला मिळतो त्यापेक्षा कमी भावात घाऊक साखळ्यांना माल का, असा त्यांचा सवाल होता. २०२२ च्या सुरुवातीला तर काही वस्तूंची विक्री थांबवण्यापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा वाणी भाव उतरवत नाही तो दर वेळी हावरटपणानेच, असं समजू नका. कधी कधी उतरवायला त्याच्या हातात काही नसतंच.

तिसरी बाजू राबणाऱ्या हातांची. बिलाच्या टेबलामागे तासन्‌तास उभ्या असलेल्या मुलींकडे आपण कधी पाहतो का? केरळात कापडाच्या दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी बसायला मिळावं म्हणून लढा दिला. त्यानंतर २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात तशी सोय झाली. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला. पण न्याय सगळ्यांना सारखा लावायचा तर वाण्याकडचा पोऱ्याही सकाळपासून उभाच असतो, हेही विसरायला नको.

आता वाणी आपल्याला काय देतो ते पाहा. पाहुणे दारात असताना फोन केला की पाव किलो रवा घरपोच. महिनाअखेरीला वहीवर उधारी. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी घरांची चूल या कोपऱ्यावरच्या दुकानांनीच पेटती ठेवली. या सेवेचं वेगळं बिल येत नाही, ते छापील किमतीतच धरलेलं असतं. रोखीची लांबलचक यादी तिकडे आणि पाच रुपयांची मोहरी नि पंचवीस तारखेची उधारी इकडे, असा व्यवहार त्याला परवडायचा कसा? गरजेला तो हवा असेल, तर एरवीही त्याच्या गल्ल्यात काही पडायला हवं.

मोठ्या दुकानाचं बळ आहे ते एकगठ्ठा खरेदीत. ते आपल्यालाही नवं नाही. १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून यादी करायची, माल एकत्र आणायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, अशी ही रीत. इमारतीतल्या आठ-दहा घरांनी मिळून गहू-तांदूळ घेतले तरी भावात फरक दिसतो.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून एक साधा हिशेब सांगते. समजा, चार हजारांच्या यादीवर दुकानाने तीनशे वीस वाचवले. जाण्यायेण्याचे रिक्षाचे एकशे वीस गेले, राहिले दोनशे. यादीत नसलेली बिस्किटं, डबे, ‘दोनावर एक फुकट’ सरबत मिळून साडेचारशेची भर पडली. मग वाचलं काय? उलट अडीचशे जास्त गेले! म्हणून यादीबाहेर जाऊ नका. पाकिटावर आता ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो, तोही ताडून पाहा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही.

पुढच्या महिन्याची यादी करताना कागदावर मधोमध एक रेघ ओढा. साबण, धुण्याची पावडर, तेलाचे डबे अशा जिथे खरंच बरीच बचत होते त्या वस्तू एका बाजूला. डाळी, गूळ, शेंगदाणे, पोहे अशा पारखून घ्यायच्या नि भावात थोडाच फरक असलेल्या वस्तू दुसऱ्या बाजूला, आणि त्या वाण्याकडून, रोखीने. मात्र त्याआधी वहीतली मागची बाकी चुकती करा बरं का!