मंद संकेतस्थळाचें निदान

पडद्यावरील बटण दाबल्यापासून पान उघडेपर्यंत ८ सेकंद लागले, म्हणजे घरांतील माणूस प्रथम इंटरनेटला दोष देतो, मग आपल्या यंत्राला आणि शेवटीं नशिबाला. ज्या दूरच्या यंत्राकडे, म्हणजे सर्व्हरकडे, ती मागणी गेली, तेथें त्या ८ सेकंदांत काय चाललें होतें हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. नवल असें कीं, ज्यांनीं तें संकेतस्थळ उभारलें त्यांनींही तो पुष्कळदां विचारलेला नसतो.

अमेरिकेंतील २०१३ सालची हकीकत या बाबतींत बोलकी आहे. आरोग्याचा विमा नसलेल्या लोकांना तो घेतां यावा म्हणून तेथील मध्यवर्ती सरकारनें १ ऑक्टोबर रोजीं 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हें संकेतस्थळ खुलें केलें. ३६ राज्यांतील नागरिकांची भिस्त त्यावर होती, आणि १ जानेवारीपासून विमा लागू व्हावयाचा तर डिसेंबरांतच नांव नोंदविणें भाग होतें. ज्याच्या घरांत दुखणेंकरी आहे त्याला ही केवळ गैरसोय नव्हे. पहिल्या दिवशीं नोंदणी पुरी झाली ती अवघ्या सहा जणांची!

महिनाअखेरीस बाहेरून जाणती मंडळी मदतीस आली. त्यांना आढळलें कीं, संकेतस्थळाची प्रकृति एका दृष्टिक्षेपांत दाखवील असा फलकच तेथें नाहीं. थर्मामीटर न लावतां तापावर औषध देण्यासारखाच हा प्रकार. त्यांनीं कांहीं तासांतच असा फलक तयार केला, आणि मगच इलाजाला हात घातला.

हें मोजमाप करावयाचें तें टप्प्याटप्प्यानें. मागणी प्रथम तारांतून जाते. कांचतंतूंत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर. मुंबई-न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजारांच्या घरांत. तेव्हां जाऊन येण्यास निदान एक-अष्टमांश सेकंद लागणारच. तो कोणी वांचवूं शकत नाहीं. परंतु उरलेले पावणेआठ सेकंद प्रवासाच्या माथीं मारतां येत नाहींत. ते बहुधा डेटाबेसांत, म्हणजे नोंदींच्या कोठारांत, सांपडतात. १० लाख नोंदींतून एक नांव काढावयाचें आणि सूचि केलेली नसेल, तर यंत्र सगळ्या नोंदी चाळीत बसतें. क्रमवार सूचि असेल तर २० तुलनांत काम उरकतें. दुसरा दोष अधिक छुपा आहे. शंभर नांवांची यादी दाखवावयाची, तर यादीसाठीं एक खेप आणि मग प्रत्येक नांवासाठीं निराळी खेप, असा कार्यक्रम लिहिलेला असतो. वाण्याकडून शंभर जिनसा आणावयास शंभर वेळां नोकर धाडावा, तशांतली ही गत. एकेक खेप क्षणार्धाची असते. म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं.

तेंच तें उत्तर वारंवार लागत असेल तर तें जवळ काढून ठेवणें, हा आणखी एक उपाय. अमेरिकेंतील त्या मंडळींनीं आरंभीं हाच केला, आणि पान उघडण्याचा सरासरी वेळ ८ सेकंदांवरून २ वर आला. मात्र हें औषध जपून द्यावें. विम्याच्या योजनांचें कोष्टक तासाभराचें जुनें चालेल. बँकेंतील शिल्लक तशी चालणार नाहीं.

कामापेक्षां खोळंब्यांतच अधिक वेळ जातो, असेंही घडतें. एरलांग या डॅनिश गणित्यानें १९०९ सालीं कोपनहेगनच्या टेलिफोनांवरून ज्या रांगांच्या शास्त्राचा पाया घातला, तें सांगतें कीं, गिऱ्हाइकें अनियमितपणें येत असतां खिडकीवरील कारकून निम्मा वेळ कामांत गुंतलेला असला, तर प्रत्येकास मूळ कामाच्या सुमारें दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के गुंतला तर पांचपट, ९० टक्क्यांस दहापट. काल सुरळीत चाललेलें संकेतस्थळ आज थोड्याशा वाढीव गर्दीनें कां अडखळतें, याचा उलगडा येथें होतो. त्या अमेरिकन संकेतस्थळावर आरंभीं नुसत्या योजना पाहावयाच्या तरी आधीं खातें उघडावें लागे; त्यामुळें सारा लोंढा एकाच दारीं तुंबला. पुढें खात्यावांचून योजना पाहण्याची सोय झाली. आणखी यंत्रेंही बसविलीं गेलीं, हें खरें. परंतु खोळंबा कोठें आहे हें न पाहतां प्रथम मोठें यंत्र विकत घेण्याची जी सार्वत्रिक हौस आहे, ती महागडी आणि बहुधा निष्फळ ठरते.

सरासरीवर विसंबून राहणेंही बरें नव्हे. ९९ जणांना एकेक सेकंद लागला आणि शंभराव्यास ६० लागले, तर सरासरी १.५९ सेकंद येते. कागदावर सारें आलबेल दिसतें. तो शंभरावा मात्र कंटाळून निघून गेलेला असतो.

१ डिसेंबर २०१३ च्या सरकारी अहवालाप्रमाणें पान उघडण्याचा सरासरी वेळ एका सेकंदाच्या आंत आला होता, आणि चुकांचें प्रमाण शेंकडा ६ वरून एकाच्या खालीं गेलें होतें. २४ डिसेंबरपर्यंत ११ लाखांवर लोकांनीं तेथें विमा निवडला. त्यांतील पावणेदहा लाख एकट्या डिसेंबरांतले.