रक्तांतील दोन आकडे

स्तनाचा कर्करोग हाडांत, फुप्फुसांत किंवा यकृतांत पसरला आहे असें निदान झालें, कीं घरांतील सर्वांच्या ओठीं एकच प्रश्न येतो : पुढें काय होईल? डोलवीसारख्या गांवाहून पेण-पनवेलच्या वाटेनें खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेंत, किंवा १९४१ सालीं परळ येथें सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत जाणाऱ्या कुटुंबांसही तो चुकत नाहीं. त्याचें अल्पसें उत्तर रक्ताच्या नेहमींच्या तपासणींत सांपडतें. तें कितपत धरावें, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

ही तपासणी पेण येथेंही होते. तींत पांढऱ्या पेशींची शेंकडेवारी दिलेली असते. न्यूट्रोफिल पेशी म्हणजे जंतूंवर प्रथम धांवून जाणारे शिपाई. लिंफोसाइट पेशी शत्रूची ओळख पटवून त्यास नेमका गांठतात. कर्करोग मोठा कपटी! तो दाह पेटता ठेवून न्यूट्रोफिलांस आपल्या चाकरीस लावतो व त्यांच्या साह्यानें पसरतो. म्हणून पहिल्या आकड्यास दुसऱ्यानें भागतात. न्यूट्रोफिल ७२ व लिंफोसाइट १८ असल्यास भागाकार ४ येतो. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संकलनांत निरनिराळ्या अवयवांच्या कर्करोगांवरील १०० अभ्यासांतील ४०,५५९ रुग्णांचा विचार केलेला आहे. ज्यांचा भागाकार मोठा, त्यांचें आयुष्य सरासरीनें कमी आढळलें. स्तनाचा कर्करोगही त्यांत होता.

परंतु सुज्ञ वाचकांनीं येथें थांबून विचार करावा. सरासरी समुदायाची असते. ती एका व्यक्तीस जशीच्या तशी लागू पडत नाहीं. शिवाय ताप, जंतुसंसर्ग, केमोथेरपीबरोबर दिलें जाणारें स्टेरॉइड, पांढऱ्या पेशी वाढविणारें इंजेक्शन, इतक्यानेंही भागाकार चढतो. उपचार ठरतो तो मुख्यतः गांठीच्या तुकड्याच्या परीक्षेवरून, रोगाच्या पसाऱ्यावरून व रुग्णाच्या अंगच्या शक्तीवरून. केवळ हा भागाकार पाहून औषध बंद करावें, असें शास्त्र सांगत नाहीं.

आपल्या एकत्र कुटुंबांत अहवाल प्रथम वडील मंडळी वाचतात. आईच्या किंवा सुनेच्या हातीं तो शेवटीं येतो, कधीं येतही नाहीं. पत्रिकेंतील मृत्युयोगाप्रमाणें हा आकडा घरांत कुजबुजत फिरूं लागला, तर खर्चाचा विचार पुढें येतो आणि उपचार मागें पडतो. आमचें सांगणें इतकेंच, कीं आकड्याचा अर्थ डॉक्टरांस विचारावा. आणि विचारतांना जिचें रक्त तपासलें आहे, तिला शेजारीं बसवावें.