काट्यावरचे वजन आणि अंगातले बळ
पाळी जाण्याच्या वयात शरीराशी मैत्री कशी राखावी?

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते. “मला आपला चिवडाच द्या, करंजी नको. हल्ली काही खाल्ले की अंगाला लागते!” असे म्हणणारी बहुधा पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यानची असते. आणि गंमत अशी की, मुलांनी ताटात टाकलेली अर्धी करंजी वाया जाऊ नये म्हणून सर्वांच्या मागून तीच बाई ती तोंडात टाकते.

हे दृश्य पुण्या-मुंबईकडचे तसे आमच्या नागपुरातल्या सदरचेही. नेसूचे परकर घट्ट होतात, पोलक्याच्या शिवणी उसवाव्या लागतात, जिना चढताना दम लागतो. मग कोणी रात्रीचे जेवण सोडते, कोणी आठवड्यातून दोनाचे तीन उपवास करते, तर कोणी “आता वय झाले, चालायचेच” म्हणून मोकळी होते. हे तिन्ही मार्ग सारखेच नुकसानीचे आहेत. कसे, ते पाहू.

नेमके घडते काय?

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी 51 च्या सुमारास येते. इंडियन मेनोपॉज सोसायटीने देशभर केलेल्या पाहणीत भारतीय स्त्रियांचे सरासरी वय 46.2 वर्षे आढळले. म्हणजे आपल्याकडे हा फेरा चार-पाच वर्षे आधीच येतो. त्यापूर्वीची काही वर्षे पाळी मागेपुढे होते, अंगातून गरम वाफा निघतात, झोप उडते, मन उगीच हळवे होते. बीजकोशातून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होत जाते, त्याचा हा परिणाम.

“पाळी गेली की शरीराची भट्टी मंदावते,” ही समजूत मात्र तितकीशी खरी नाही. 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. 29 देशांतील सहा हजारांहून अधिक माणसांचा उष्मांकांचा खर्च त्यात मोजला होता. शरीराचे आकारमान आणि घडण हिशेबात घेतली, तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात दिसून आले. पाळी जाण्याच्या वयातही तो एकाएकी घसरत नाही.

मग घोडे अडते कुठे? अमेरिकेत ‘स्वान’ नावाने ओळखला जाणारा अभ्यास 1996 पासून चालू झाला. त्यात मध्यमवयीन स्त्रियांची वर्षानुवर्षे नियमित तपासणी केली गेली. शेवटच्या पाळीच्या सुमारे दोन वर्षे आधीपासून दोन वर्षे नंतरपर्यंत चरबी साठण्याचा वेग दुपटीने वाढतो आणि त्याच काळात स्नायू झिजू लागतात, असे त्यातून 2019 साली निष्पन्न झाले. शिवाय तोवर मांड्या-नितंबांवर बसणारी चरबी आता पोटाकडे सरकते. चुलीची आग तीच, चूल तेवढी लहान होते, असे म्हटले तरी चालेल. स्नायू हीच ती चूल.

म्हणून वजनाच्या काट्याची ग्वाही अपुरी ठरते. काटा तोच आकडा दाखवीत असतानाही आत अदलाबदल होऊन बसलेली असते. स्नायू गेले, चरबी आली! हाडांचेही तसेच. पाळी जाण्याच्या आगेमागे त्यांची झीज झपाट्याने होते आणि ते कळते केव्हा? न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडते तेव्हा.

काट्यापेक्षा टेप बरी

शिंप्याची टेप घरात असतेच. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध ती पोटाभोवती गुंडाळावी, साधा श्वास सोडावा आणि आकडा पाहावा. पोट आत ओढू नये. इथे कोणाला फसवायचे आहे? भारतीय स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, ही इशाऱ्याची रेघ मानली जाते. त्यापुढे मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो. महिन्यातून एकदा हे माप कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवावे.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठून बसता येते का? पाचव्या वेळीच मांड्या थरथरू लागल्या, तर तिथे वजनाचा नव्हे, बळाचा प्रश्न आहे, असे समजावे.

स्वयंपाकघरातला हिशेब

आपल्या घरांत गृहिणी सर्वांत शेवटी जेवते. तोवर वरण पातळ झालेले असते, भाजीचा रस्सा उरतो आणि भात मात्र भरपूर असतो. म्हणजे पोट भरते ते पिठाने. स्नायू ज्याच्यावर पोसतात ती प्रथिने तिच्या वाट्याला कमी येतात. दर किलो वजनामागे दिवसाला निदान 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत, असा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा 2020 चा दंडक आहे. साठ किलो वजनाच्या बाईला ती पन्नास ग्रॅम झाली. उतारवयात थोडी अधिकच बरी, असे अनेक तज्ज्ञ म्हणतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारावे.

हा हिशेब जमवायला परदेशी डबे नकोत. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधातून तेवढीच, एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. आपल्या विदर्भाची जुनी थाळीच पाहा ना! ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, झुणका, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, वर ताकाचा पेला. यात काय कमी आहे? बेताने तेल घातले की झाले. तेलाचा एक चहाचा चमचा म्हणजे 45 उष्मांक. तर्रीवर तरंगणारा लाल थर पोह्यांवर ओतताना तेवढे ध्यानात असू द्यावे.

उपवासाचे म्हणाल, तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक आणि प्रथिने एक ग्रॅमही नाहीत. देवासाठी उपवास जरूर करावा. वजनासाठी करायचा असेल तर खिचडीच्या थाळीवर विसंबू नये. चहाचेही तेच. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे साखर, की न खाताच 160 उष्मांक पोटात गेले.

आणि ती उरलेली अर्धी करंजी? ती डब्यात ठेवावी. स्वतःचे पोट हा उरल्यासुरल्याचा डबा नव्हे.

नागपूरचा एक प्रयोग

दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीचा उल्लेख केल्याविना नागपुरात वजनावर बोलताच येत नाही. अनेक पदव्यांमुळे ख्यातकीर्त झालेले आमच्या नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी ही कल्पना व्याख्यानांतून मांडली. 2004 साली अपघातात त्यांचे अकाली निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी जिचकारांचे ऋण मानून ती महाराष्ट्रभर नेली. खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवावे, मध्ये काही खाऊ नये आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे तिचे सूत्र आहे.

दिवसभर येता-जाता चिमूटभर चिवडा, अर्धा लाडू, चहाबरोबर दोन बिस्किटे असे खाणाऱ्याला ही शिस्त उपयोगी पडते, यात शंका नाही. पण आपल्या वयोगटातील भगिनींनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, जेवणे दोनच असतील तर दिवसभराची प्रथिने त्या दोन ताटांतच बसली पाहिजेत. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील. दोन, मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. साखर एकदम उतरण्याची भीती असते.

चालावे, पण उचलावेही

फिरायला जायचे तर सदरकरांसारखे भाग्यवान कोण? जपानी गार्डन जवळ, पुढे सेमिनरी हिल्सचा झाडीतला चढ. दुसऱ्या अंगाला कस्तुरचंद पार्क आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार आठवड्याला निदान 150 मिनिटे झपाट्याने चालणे वा तत्सम व्यायाम हवा. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग असावा. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 ला टेकतो तेव्हा, उजाडण्यापूर्वीच बाहेर पडून ऊन चढण्याआधी परतावे.

त्याच शिफारशीत पुढचे एक वाक्य आहे आणि आपण ते सोयीस्करपणे विसरतो. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, असे त्यात म्हटले आहे. नुसत्या चालण्याने दम वाढतो. दंड, पाठ आणि हाडे यांचे काम पुरते होत नाही. ऑस्ट्रेलियात ‘लिफ्टमोर’ नावाचा प्रयोग झाला. हाडे विरळ झालेल्या उतारवयातल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने चांगली जड वजने उचलायला लावली. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुधारली, असे 2017 साली प्रसिद्ध झाले. हे सारे जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली झाले होते, हे विसरू नये. परंतु “बायकांनी या वयात जड उचलू नये” हा सरसकट उपदेश त्याने खोटा पाडला.

घरी आरंभ असा करावा. खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा. भिंतीला हात टेकून दंड काढल्यासारखे पुढे-मागे होणे दहा वेळा. ओट्याशी दूध तापेपर्यंत टाचा वर-खाली. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे हातांत एकेक किलो; त्या खांद्यापर्यंत उचलाव्यात. मंगळवारी बाजारातून भाजी आणताना एकाच हातात ओझे न घेता दोन पिशव्या कराव्यात. मेट्रोच्या स्थानकात सरकता जिना सोडून पायऱ्या चढाव्यात. दोन आठवड्यांनी हे सोपे वाटू लागले की थोडे वाढवावे. वाढवत नेणे हेच यातले मर्म.

“अहो, दिवसभर घरकाम काय कमी असते?” असे कोणी म्हणेल. कबूल! पण पाटा-वरवंटा गेला, विहीर गेली, कपडे यंत्र धुते. आता घरकामात दगदग उरली आहे, ताकदीचे काम उरले नाही.

आपल्याकडे साधनांची वाण कधीच नव्हती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो स्त्री-पुरुष दोघांसाठी. आपल्या शहरात रामनगरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ योगासनांचे शिक्षण देत आले आहे. आणि मंगळागौरीची फुगडी-झिम्मा, भुलाबाईच्या टिपऱ्या? त्या उड्यांनी नकळत हाडांनाही व्यायाम होई. ज्यांची हाडे विरळ झाली आहेत वा गुडघे दुखतात, त्यांनी मात्र उड्या आणि खाली वाकण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारूनच करावेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का होईना, तर लाजू नये, थांबू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लगेच जावे. चाळिशीपूर्वीच पाळी गेली असेल, किंवा शस्त्रक्रियेत बीजकोश काढले असतील, तरी सल्ला घ्यावा. वजन एकाएकी वाढले, थकवा जात नसेल, तर थायरॉइडची तपासणी करावी. रक्तदाब, साखर आणि ड जीवनसत्त्व यांचीही चौकशी करावी. उन्हाच्या देशातही ड जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळांना असते.

वाफांनी रात्र रात्र झोप नसेल, तर सोसत बसण्यात पुण्य नाही. सुती कपडे, निजण्याच्या खोलीत गारवा, संध्याकाळनंतर चहा बंद, एवढ्याने काहींना आराम पडतो. न पडल्यास संप्रेरकांचे उपचार आहेत. 2002 साली एका अमेरिकी अभ्यासाने त्यांची मोठी धास्ती घातली. पुढे त्याच माहितीची पुन्हा छाननी झाली. साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांना त्यांचा लाभ सहसा धोक्याहून अधिक, असे आता मानतात. स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांची गोष्ट निराळी. तेव्हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. ते वजन उतरवण्याचे औषध मात्र नव्हे.

घरच्यांसाठी चार शब्द

हा लेख घरातील पुरुषमंडळीही वाचतील, म्हणून त्यांनाही सांगायचे आहे. “तू व्यायाम कर गं,” एवढे म्हटल्याने व्यायाम होत नाही. सकाळी सहा ते साडेसहा तिने घराबाहेर पडायचे, तर तेवढ्या वेळात चहा कोणीतरी टाकला पाहिजे, दूध कोणीतरी घेतले पाहिजे आणि शाळा-कॉलेजच्या डब्याची कणीक कोणीतरी भिजवली पाहिजे. सर्वांनी एका पंगतीला बसावे, म्हणजे वरणाचा घट्ट भाग तिच्याही वाटीत पडेल. तिच्या कमरेवरून थट्टा करणे आता पुरे.

कारण हा प्रश्न जुन्या पोलक्यात मावण्याचा नाही. पन्नाशीतल्या बाईपुढे अजून पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य असते. त्या काळात तिला स्वतःच्या पायांनी देवळात जायचे आहे, नातवंडाला कडेवर घ्यायचे आहे, जमिनीवरून कोणाचा हात न धरता उठायचे आहे. त्याची पुंजी ज्या वयात घराला तिची सर्वांत अधिक गरज असते, त्याच वयात साठवावी लागते. तेव्हा यंदाच्या दिवाळीत, भगिनींनो, करंजी जरूर खा. एक खा, सगळ्यांबरोबर बसून खा, आणि पाडव्याच्या पहाटे चपला घालून घराबाहेर पडा.

ही दिवाळी आपणां सर्वांस आरोग्याची जावो!