स्टू अंगर: पत्त्यांतलं कौशल्य आणि रिकामा खिसा

गेल्या काही वर्षांत मोबाइलवरच्या रमी-पोकरच्या जाहिरातींनी एक वाक्य घराघरांत पोचवलं: हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. गणपतीच्या मांडवात रात्र जागवायला पत्त्यांचा कॅट हवाच असतो आणि पणजीची कॅसिनो घाट उतरलं की पाच-सहा तासांवर, अशा आपल्या कोल्हापुरात ते वाक्य फार पटकन रुजलं. ते खोटं नाही, पण त्यावरून लोक जे निष्कर्ष काढतात ते मात्र घातक आहेत. हे समजून घ्यायचं तर स्टू अंगर या अमेरिकन खेळाडूचं आयुष्य पाहावं. पोकरच्या इतिहासात त्याच्याइतकी विलक्षण बुद्धी फार थोड्यांना लाभली.

‘पोकर म्हणजे इंग्रजी तीनपत्ती’

दोन्हींत पानं वाटतात आणि पैसे लावतात, साम्य तेवढंच. तीनपत्तीत तीन पानं हातात आली की नवं पान येत नाही. पोकरच्या ‘टेक्सास होल्डेम’ प्रकारात प्रत्येकाला दोन बंद पानं मिळतात आणि मधे सगळ्यांसाठी पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडतात. बोली चार वेळा लागते. दर वेळी समोरचा किती लावतो, कधी थांबतो, यातून माहिती मिळत जाते. ती वाचणं आणि गणित मांडणं हेच त्यातलं कौशल्य.

तरीही पान पडायचं तसंच पडतं. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. ते आले आणि समोरच्याकडे दोन राजे असले, तरी शंभरांतले अठराएक डाव एक्केवालाच हरतो. कौशल्याचा परिणाम दिसतो तो हजारो डावांच्या हिशेबात. एका रात्रीत नशीब कुणालाही उचलतं किंवा आपटतं. जाता जाता तीनपत्तीवाल्यांसाठी एक गोष्ट: ट्रेल सगळ्यांत वर असली, तरी सर्वांत दुर्मीळ नाही. २२,१०० शक्य हातांपैकी ट्रेल ५२ आहेत आणि प्युअर सीक्वेन्स ४८.

‘तो नशीबवान होता’

अंगर १९५३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये जन्मला. वडील बेटिंग घेणारे. त्यांच्या बारमध्येच जुगार चाले. मुलाचा हात सर्वांत आधी बसला तो जिन रमीवर. म्हणजे आपल्याला जवळच्या खेळावर. दहाव्या वर्षी त्यानं जिनची स्पर्धा जिंकल्याचं सांगतात. वडील १९६७ मध्ये गेले, पुढं शाळा सुटली आणि हा पोरगा गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असलेल्या माणसांच्या आधारानं मोठ्या पैशांचे डाव खेळू लागला. टाकलेलं प्रत्येक पान त्याच्या लक्षात राही. थोड्याच चालींत समोरच्याच्या हातात काय आहे ते तो ओळखे. खासबागेत एखाद्या मल्लाला जोडच मिळू नये, तशी त्याची गत झाली: जिन खेळायला त्याच्यासमोर कुणी बसेना. पोकरकडे तो वळला तो त्यामुळे.

१९७७ मध्ये लास व्हेगासच्या बॉब स्टुपाक या कॅसिनोमालकानं त्याच्याशी पैज लावली. ब्लॅकजॅकच्या सहा कॅटांपैकी तीन कॅट उलटून गेल्यावर उरलेल्यांची पानं मनात मोजत शेवटचं पान सांगायचं. अंगरनं ते सांगितलं आणि एक लाख डॉलर घेतले. मग कॅसिनोंनी त्याला ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसू देणं बंद केलं.

‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा त्यानं १९८० मध्ये जिंकली, अंतिम डावात डॉयल ब्रन्सनसारख्या मुरलेल्या खेळाडूला हरवून. १९८१ मध्ये पुन्हा जिंकली. सोळा वर्षांनी, १९९७ मध्ये, ३१२ खेळाडूंतून तिसऱ्यांदा जिंकली. जॉनी मॉसच्या नावावरही तीन विजेतेपदं आहेत, पण त्यातलं १९७० चं खेळाडूंच्या मतदानानं दिलेलं. टेबलावर खेळून तीनदा जिंकणारा आजवर अंगर एकटाच. हे नशिबाचं काम नव्हे.

‘एवढं जिंकला, म्हणजे गडगंज झाला असणार’

गैरसमजांचं मूळ इथं आहे. १९९७ च्या स्पर्धेची दहा हजार डॉलरची प्रवेश फी भरायलाही त्याच्याकडे पैसे नव्हते. बिली बॅक्स्टर या खेळाडू मित्रानं ती ऐन वेळी भरली, जिंकल्यास निम्मा वाटा या बोलीवर. पहिलं बक्षीस दहा लाख डॉलरचं. त्यातले निम्मे बॅक्स्टरचे झाले. अंगरच्या वाट्याचे पाच लाख काही महिन्यांत संपले. पुढच्या वर्षी बॅक्स्टर पुन्हा फी भरायला तयार होता, पण खेळायला बसण्याइतकीही ताकद अंगरमध्ये उरली नव्हती. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय ४५. अंत्यसंस्कारासाठी वर्गणी काढावी लागली आणि ती काढली त्याच स्टुपाकनं.

पैसा गेला कुठं? बराचसा पोकरबाहेर. घोड्यांच्या शर्यती, फुटबॉल-बास्केटबॉलवरचं बेटिंग, गोल्फच्या पैजा. जिथं त्याचं कौशल्य चालत नव्हतं तिथं तो कमावलेलं उधळत होता, आणि कोकेन होतंच. १९९० च्या मुख्य स्पर्धेत तिसऱ्या दिवशी तो खोलीत बेशुद्ध सापडला. त्याच्या चिप्स इतक्या जास्त होत्या, की खुर्ची रिकामी असूनही तो नववा आला. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगतात. मला ती वाचवत नाही. त्या वेळी त्याला एक लहान मुलगी होती. १९९७ मध्ये खेळताना तिचा फोटो त्यानं जवळ ठेवला होता.

त्याच्या मृत्यूबद्दलही एक चूक सतत छापली जाते. तो ड्रगच्या अतिसेवनानं त्या रात्री गेला, असं नाही. शरीरात अमली पदार्थांचे अंश होते, पण जीव घेण्याइतके नव्हते. वर्षानुवर्षांच्या व्यसनानं हृदय निकामी झालं होतं, असा निष्कर्ष तपासणीत निघाला.

आणखी एक साधा हिशेब. ३१२ जणांनी दहा-दहा हजार भरले, म्हणून दहा लाखांचं बक्षीस उभं राहिलं. पोकरच्या टेबलावर नवा पैसा तयार होत नाही. एकाचा दुसऱ्याकडे जातो आणि मधे क्लबवाला नाल काढतो. ॲप असेल तर कंपनी. हरणाऱ्यांनी हरलेली रक्कम नेहमीच जिंकणाऱ्यांनी घरी नेलेल्या रकमेपेक्षा जास्त भरते.

‘सुप्रीम कोर्टानंच परवानगी दिलीय’

१९६८ चा सत्यनारायण खटला सिकंदराबादच्या एका क्लबमधल्या रमीचा होता. पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं, कोणतं सोडायचं हे ठरवावं लागतं. म्हणून रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि तीन पानांच्या खेळापासून ती वेगळी काढली. पण क्लबमालक डावातून नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे. तेवढा भाग जाहिरातींत कधी आला नाही.

पोकरबद्दल तर एकमतच नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यानं त्याला जुगाराच्या व्याख्येतून वगळलंय, तर गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. कॅसिनोंसाठी महाराष्ट्रानं १९७६ मध्ये केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं तर हा वादच बाजूला ठेवला: पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवण्यावर बंदी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ती चालवणाऱ्याला आहे. खेळणाऱ्याला या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेलं नाही.

‘हुशार माणसाला नाद लागत नाही’

अंगरपेक्षा हुशार कुणाला म्हणायचं? जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत आहे, आणि अक्कल कमी असणं हे त्याचं लक्षण नाही. लक्षणं वेगळी आहेत: गेलेले पैसे काढण्यासाठी पुन्हा बसणं, रक्कम वाढवत नेणं, घरात खोटं बोलणं, उसनवारी लपवणं. कौशल्याच्या खेळात हा धोका जास्त वाटतो मला, कारण हरल्यावर खेळ सोडावासा वाटत नाही; मी अजून चांगला खेळायला हवं होतं, असं वाटतं. घरातल्या कुणात ही लक्षणं दिसली, तर भांडण करण्याआधी किंवा कर्ज फेडून देण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.